काकू बाराला गेल्या!

"परीक्षा? डोळे मिटून देईन!" डब्याचं झाकण दाबत काकूंनी जाहीर केलं. "मास्तर घड्याळात बघेपर्यंत मोटर सोडवून, जोडून, हात पुसून उभी राहीन!"

"डोळे उघडे ठेवून दे," काका म्हणाले. काका हल्ली दिवसाला वीसेक शब्दच वापरायचे. त्यातले चार सकाळी सातलाच खर्च झाले.

या काकू म्हणजे सेहेचाळीस वर्षांच्या शिकाऊ इलेक्ट्रिशियन. हसू नका, खरंच! जुन्या रद्दीपासून पुठ्ठा करणाऱ्या कारखान्यात त्यांचं वर्षभराचं प्रशिक्षण चालू होतं. वर्गात बाकीचे दहाजण अठरा-एकोणीस वर्षांचे. पहिल्या दिवशी काकू दारातून आत आल्या तेव्हा बाईच शिकवायला आल्या असं समजून अख्खा वर्ग उभा राहिला होता. काकूही भांबावून "बसा, बसा" म्हणाल्या आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या काकू. तसंही त्या कारखान्यात नावाने कुणाला हाक मारायची पद्धतच नव्हती. मास्तर, सुपरवायझर, गेटवाला, काकू. नावं काय ती पगारपत्रकात!

पण काकू तिथे हौसेने आलेल्या नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी काका याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. एका पंपाची मोटर उघडून ते काम करत होते. वर स्विचपाशी त्यांच्या सोबतीच्या इलेक्ट्रिशियनने ओरडून विचारलं, "सगळे गेले का?" कुणीतरी म्हणालं, "गेले." त्याने स्विच वर केला. काकांचा उजवा हात कोपरापासून गेला.

तो स्विच वर करणारा माणूस म्हणजे आजचे मास्तर.

कंपनीने काकूंना पॅकिंगमध्ये घेतलं. पाच वर्षांनी पॅकिंगचं मशीन आलं, नव्वद बायकांचं काम एकट्याने करू लागलं आणि नोटीस बोर्डावर कागद लागला: शिकाऊ इलेक्ट्रिशियन पाहिजेत, वयाची अट नाही. ती शेवटची ओळ काकूंनी तीनदा वाचली.

"त्याच्या हाताखाली शिकणार?" काकांनी विचारलं होतं.

"हो."

"जगात दुसरा माणूस नाही?"

"नाही. तुमचं झाल्यापासून तो माणूस कुलूप घातल्याशिवाय पंख्याच्या बटणाकडेसुद्धा बघत नाही. मला असाच मास्तर हवाय."

काका सहा दिवस बोलले नाहीत. सातव्या दिवशी म्हणाले, "टेस्टर आधी चालू तारेवर लावून बघ. मग बंद तारेवर. मग पुन्हा चालू तारेवर. टेस्टरसुद्धा मरतो." ती काकूंची पहिली शिकवणी.

आणि मास्तर? मास्तर म्हणजे वाळलेल्या लाकडासारखा माणूस. हसले तर तडा जाईल, म्हणून हसतच नसावेत! रोज सकाळी वर्गात एक लाल कुलूप वर धरून विचारायचे, "कुलूप कुणाचं?"

"माझं!" अकरा आवाज.

"किल्ली कुणाची?"

"माझी!"

"आत कोण?"

"मी!"

"मग काढणार कोण?"

"मीच!"

मुलांना तो खेळ वाटायचा. काकू मात्र "मी" म्हणताना दरवेळी खिशातली किल्ली चाचपायच्या.

नियम साधा होता. यंत्रावर काम करायचं तर मुख्य स्विच बंद करायचा, त्याच्या दांड्यात आपलं कुलूप अडकवायचं, कुलपाला आपला फोटो लावलेली पाटी टांगायची, 'धोका! मी काम करत आहे', आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ते कुलूप दुसऱ्या कुणीही काढायचं नाही. काकूंच्या पाटीवरचा फोटो असा गंभीर आला होता की बघणारा आपोआप चप्पल काढून उभा राहील!

सहामाही परीक्षेत काकूंच्या वाट्याला आला पल्पर. पल्पर म्हणजे रद्दीचा लगदा करणारी टाकी. दीड माणूस खोल, तळाशी फिरणारी पाती. टाकीच्या खाली एक खड्डा, आठ लोखंडी पायऱ्या उतरून जायचं, आणि तिथे भिंतीला खेटून मोटर. शेजारीच एक व्हॅक्यूम पंप, त्याचा आवाज असा की कानात बोललेलंही दुसऱ्या दिवशी ऐकू यावं.

साडेअकराला काकूंनी स्विच बंद केला, कुलूप लावलं, पाटी टांगली, किल्ली खिशात टाकली. टेस्टर चालू तारेवर, बंद तारेवर, पुन्हा चालू तारेवर. मास्तरांनी वहीत खूण केली. आणि तेवढ्यात मॅनेजरचा निरोप आला: केबिनमधला एसी बंद पडलाय, पाहुणे यायचेत, ताबडतोब या!

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. "मी येईपर्यंत इथेच थांबा. खाली पायरीसुद्धा उतरायची नाही. कळलं?"

"कळलं सर!"

काकू दहा मिनिटं थांबल्या. पंधरा मिनिटं थांबल्या. मग त्यांच्या डोक्यात सकाळची बढाई वळवळली. कुलूप तर आहे! टेस्ट तर झाली! मास्तर यायच्या आत मोटरच्या डबीचं झाकण नुसतं सैल करून ठेवलं तर काय बिघडलं? 'वा काकू!' म्हणतील. म्हणजे मास्तर म्हणणार नाहीत, पण मनात तरी म्हणतील!

काकू आठ पायऱ्या उतरल्या.

पहिल्याच बोल्टला पाना लावला, जोर दिला, आणि पाना हातातून असा सटकला जसा साबण! मोटरच्या चौथऱ्यावर आपटला, उसळला आणि चौथरा नि भिंत यांच्यामधल्या फटीत गेला. सतरा नंबरचा पाना! हत्यारं मोजून घेतली होती, मोजून परत द्यायची होती. पाना गेला म्हणजे परीक्षा गेली.

काकूंनी फटीत डोकावलं. फट त्यांच्या मानाने अरुंद होती. पण हात पुरला असता, फक्त मोटरच्या बेल्टवरची जाळी आड येत होती. काकूंनी जाळी काढून ठेवली. हेल्मेट काढून पुढे सरकवलं. श्वास सोडला, पोट आत घेतलं आणि कुशीवर आडव्या होऊन घुसल्या. खांदे गेले. पोट गेलं. पाना हाताला लागला! "सापडला रे बाबा!" काकू आनंदाने म्हणाल्या आणि मागे सरकायला गेल्या.

सरकेनात.

कमरेच्या हत्यारांच्या पट्ट्याची बकल जाळीच्या रिकाम्या कोयंड्यात जाऊन बसली होती. पुढे जावं तर भिंत, मागे यावं तर कोयंडा. उजवा हात अंगाखाली. डावा मोकळा, पण बकलपर्यंत पोचेना. आणि नाकापासून वीतभर अंतरावर मोटरचं ते मोठं चाक, त्यावर चढवलेले चार काळे बेल्ट. चाक थांबलेलं होतं. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मास्तर!" त्या ओरडल्या. "अहो कुणी आहे का? वाचवा!" व्हॅक्यूम पंपाने तो आवाज तिथल्या तिथे गिळून टाकला.

आता वर काय चाललं होतं ते काकूंना नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर जीव टांगणीला लागायचा.

मास्तर एसी करून निघाले तर मॅनेजर म्हणाले, जाता जाता मीटिंगच्या खोलीतला दिवाही बघा, लुकलुकतोय. मास्तर परत आले तेव्हा साडेबारा होत आले होते. पल्परपाशी काकू नाहीत! मास्तरांनी खड्ड्यात बॅटरी मारली. मोटरच्या डबीचं झाकण जागच्या जागी, एकही बोल्ट निघालेला नाही. म्हणजे काकू सांगितल्याप्रमाणे खाली उतरल्याच नाहीत, जेवायला गेल्या असतील. चौथऱ्यामागे काकू हातभर अंतरावर बोंबलत होत्या आणि बॅटरीचा उजेड त्यांच्या डोक्यावरून भिंतीवर फिरून गेला!

तेवढ्यात सुपरवायझर धावत आला. "मास्तर, पुढच्या टाकीत अर्ध्या तासाचा लगदा उरलाय! पल्पर चालू नाही झाला तर अख्खी लाइन बसेल! कुठे आहेत तुमच्या काकू?"

जेवणघरात नाहीत. वर्गात नाहीत. फोन केला तर तो कपाटात वाजतोय. शेवटी सुपरवायझरने गेटवर फोन लावला.

"काकू बाहेर गेल्यात का रे?"

गेटवाल्याने रजिस्टर उघडलं. बोट फिरवलं. "हो साहेब. काकू बाराला गेल्या."

खोटं नव्हतं ते! बारा वाजता काकू गेल्याच होत्या, पण कँटीनच्या काकू, दाढ काढायला. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, 'काकू, १२'. गेटवाल्याचं अक्षर सुंदर होतं, माहिती तेवढीच होती.

"झालं!" सुपरवायझरने कपाळावर हात मारला. "किल्ली खिशात घालून बाई घरी गेल्या!"

"त्या अशा जाणार नाहीत," मास्तर म्हणाले.

"रजिस्टर सांगतंय!"

"घरी फोन करून त्यांच्याशी बोला. त्या स्वतः बोलल्या तरच पुढचं."

सुपरवायझरने घरचा नंबर शोधून लावला. काका न्हाणीघरात होते. फोन उचलला काकूंच्या नणंदेने. वन्सं वरच्या मजल्यावर राहायच्या, पण दिवसातले बारा तास खालीच असायच्या. स्वभाव प्रेमळ, डोळे कायम भरलेले. टीव्हीवर कुणी कांदा चिरला तरी यांना रडू यायचं!

"हॅलो, कारखान्यातून बोलतोय," सुपरवायझर पंपाच्या आवाजात किंचाळला. "काकू बाराला गेल्या! घरी..."

पुढचं 'पोचल्या का' ऐकायला वन्सं होत्या कुठे! फोन जमिनीवर, वन्सं भिंतीला टेकून.

"दादा! दादा रे! वहिनी गेली!"

काका ओल्या अंगाने बाहेर आले. "कुठे गेली?"

"कुठे काय! गेली म्हणजे... गेली रे! बाराला! कारखान्यातून फोन होता!"

सहा वर्षांपूर्वी असाच एक फोन याच घरात आला होता, तेव्हा तो काकूंनी उचलला होता. काकांनी डाव्या हाताने सदरा अंगावर ओढला. एक गुंडी लागली, बाकीच्या लागेनात. बुटाच्या नाड्या एका हाताने बांधायला त्यांना चार मिनिटं लागायची. ती चार मिनिटं आज त्यांच्याकडे नव्हती. ते स्लिपरवरच निघाले. मागून वन्सं. रिक्षात बसल्यापासून वन्संनी फोन कानाला लावला तो गेट येईपर्यंत खाली ठेवला नाही. मावशी, आत्या, दोन मामा, चुलत सासरे, सगळ्यांना एकच वाक्य, "वहिनी गेली हो!" आणि पुढे हुंदका.

काका त्या सबंध रस्त्यात एकदाच बोलले. रिक्षावाल्याला म्हणाले, "सिग्नलला थांबू नका."

इकडे खड्ड्यात काकूंचा आवाज बसला. त्यांनी डाव्या हाताने पाना उचलून चौथऱ्यावर हाणायला सुरुवात केली. ठण! ठण! ठण!

"कसला आवाज येतोय?" वर मॅनेजरने विचारलं. लाइन बसणार म्हटल्यावर ते स्वतः येऊन उभे राहिले होते, पाहुण्यांसाठी घातलेल्या टायसकट.

"साहेब, कारखाना आहे, आवाज येणारच!" सुपरवायझर म्हणाला.

"मग वाट कसली बघताय? कापा ते कुलूप!"

फिटर मोठी कात्री घेऊन आला, लोखंड कापायची, माणसाच्या हाताएवढ्या दांड्यांची. मास्तर कुलूप लावलेल्या पॅनेलला पाठ लावून उभे राहिले.

"मास्तर, बाजूला व्हा!" मॅनेजरनी फर्मावलं.

"नाही. आधी त्यांच्याशी बोलणं."

"त्या घरी गेल्यात हो! गेटवर लेखी नोंद आहे. घरी फोन केला, तर तिकडे बाईमाणूस रडतंय, काय चाललंय कळत नाही! तुम्ही स्वतः खड्डा पाहिला ना?"

"पाहिला."

"कुणी होतं?"

"दिसलं नाही."

"झाकण उघडलेलं होतं?"

"नाही."

"मग? पुढची टाकी रिकामी झाली, आत लगदा सुकला की दोन दिवस लाइन बंद! चारशे माणसं बसून राहतील, एका कुलपासाठी! सगळे गेलेत मास्तर, आत कुणी नाही!"

सगळे गेलेत. ते शब्द मास्तरांच्या कानात कसे शिरले असतील ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी काकूंच्या फोटोकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. रजिस्टर म्हणतंय. मॅनेजर म्हणताहेत. स्वतःचे डोळे म्हणताहेत.

मास्तर अर्धं पाऊल बाजूला सरकले.

नेमका त्याच क्षणी व्हॅक्यूम पंप दम घ्यायला थांबला. मधूनमधून तो पाचेक सेकंद थांबायचा. त्या शांततेत खाली आडव्या पडलेल्या काकूंना वरून स्पष्ट ऐकू आलं, "कापा!"

काकूंनी तोंड उघडलं. आणि पंप पुन्हा सुरू झाला.

काकूंनी नंतर कितीदा हे सांगितलं, पण या ठिकाणी आल्या की दरवेळी थांबायच्या. त्या म्हणायच्या, तेव्हा देव आठवला नाही, माहेर नाही, काही नाही. आठवला तो काकांचा सदरा. आता त्याच्या गुंड्या कोण लावणार! एवढंच डोक्यात आलं आणि त्या चाकाकडे बघत राहिल्या. चाक हललं तर डोळे मिटायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. डोळे मिटून परीक्षा देणार होत्या ना!

गेटवर रिक्षा थांबली. काका उतरले आणि सरळ आत निघाले.

"अहो, अहो! बूट नाहीत!" गेटवाला आडवा आला. "स्लिपरवर आत सोडता येत नाही, नियम आहे!"

काका वळले. तेव्हा गेटवाल्याला ती रिकामी बाही दिसली. तो नवा होता, पण त्या बाहीची गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी सांगितली गेली होती. त्याचा हात खाली आला.

"कशी गेली?" काकांनी विचारलं.

"कोण, काकू?" गेटवाला गोंधळला. "चालत गेल्या."

"चालत?" मागून वन्संचा हुंदका अर्ध्यावर थांबला.

"हो. गाल धरून. सुजला होता ना चांगला! दाढ काढायची म्हणाल्या."

"माझ्या बायकोची दाढ दुखत नाही!"

"तुमच्या? तुमच्या नाही हो, कँटीनच्या काकू! तुमच्या काकू कुठे बाहेर पडल्यात? त्या आतच आहेत."

वन्संना रडावं की हसावं कळेना, त्या तोंड उघडं ठेवून उभ्या राहिल्या. काकांना मात्र सगळं कळलं. बायको जिवंत आहे, आत आहे, आणि आत तिला बाहेर समजताहेत! यातलं शेवटचं काय असतं ते त्यांच्याइतकं त्या कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं.

एका हाताचा माणूस पळताना तोल सांभाळायला तिरपा होतो. काका तसे तिरपे पळाले, फटक फटक स्लिपरा वाजवत, रद्दीच्या गठ्ठ्यांमधून, सहा वर्षांनी पहिल्यांदा. पल्परपाशी पोचले तेव्हा कात्रीचा जबडा कुलपाच्या कडीवर बसला होता.

"थांबा!"

फिटर थांबला.

"तुम्हाला कुणी आत सोडलं?" मॅनेजर ओरडले. "अहो, तुमच्या बाई घरी गेल्यात!"

"घरून मी आलोय," काका म्हणाले. "घरी नाही ती. गेटमधून गेली ती कँटीनची. माझी आतच आहे."

सगळ्यांचे चेहरे कागदासारखे झाले. मॅनेजरनी हळूच टाकीकडे पाहिलं. टाकीत करडा, घट्ट लगदा होता. सुपरवायझर मटकन खाली बसला. आणि तोवर धापा टाकत पोचलेल्या वन्संना कुलपावरचा तो गंभीर फोटो दिसला! "वहिनी गं!" अशी आरोळी त्यांनी ठोकली की पंपालाही मागे टाकलं!

मास्तरांनी फिटरच्या हातातली कात्री काढून घेतली. "पंप बंद करा. लाइन बंद करा. सगळं बंद करा!"

"मास्तर, लाइन..."

"सगळं!"

एकेक करत यंत्रं थांबली. पंप थांबला. वन्संचं तोंड काकांनी डाव्या हाताने दाबलं. त्या कारखान्यात कुणी कधी ऐकली नव्हती अशी शांतता पसरली. आणि त्या शांततेत खड्ड्यातून घोगरा, दमलेला आवाज आला:

"सर! सतरा नंबर सापडलाय हो! पण मी अडकलेय!"

काका त्या आठ पायऱ्या कसे उतरले ते त्यांनाही सांगता आलं नाही. मागून मास्तर. चौथऱ्यामागे काकूंचे दोन पाय दिसत होते. "अगं, तू..." म्हणून काकांनी ते पायच धरले. मास्तर चौथऱ्यावर पालथे पडले, कात्री आत घातली आणि बकल तोडली. दोघांनी मिळून, तीन हातांनी, काकूंना ओढलं. काकू बाहेर आल्या त्या ग्रीसने काळ्या, केसांत कोळिष्टकं, एका हातात पाना, दुसऱ्यात हेल्मेट. वरून वाकून बघणाऱ्या वन्संनी हा अवतार पाहिला आणि त्या बेशुद्ध पडल्या. अर्ध्या तासात पहिल्यांदाच गप्प!

"पायरी उतरायची नाही म्हणून सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. त्यांना काकूंकडे बघवत नव्हतं.

"हो सर."

"जाळी काढली."

"हो सर."

"वर चला. कुलूप काढा. तुमचं आहे, तुम्हीच काढायचं."

काकू पॅनेलपाशी उभ्या राहिल्या. बघ्यांची ही गर्दी. किल्ली कुलपात जाईना. तीनदा किल्ली खाली पडली. मॅनेजर घड्याळाकडे बघत होते, पण कुणी मदतीला हात पुढे केला नाही, काकांनीसुद्धा. चौथ्यांदा कुलूप उघडलं. काकूंनी पाटी काढली आणि तिथेच जमिनीवर बसून रडल्या.

त्या रडत असताना मास्तर काकांजवळ आले. सहा वर्षांत हे दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"मी बाजूला झालो होतो," मास्तर म्हणाले. "आजही."

"पाहिलं मी."

"अर्धं पाऊल."

काकांनी स्विचच्या मोकळ्या दांड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मागच्या वेळी तू याच्या आड उभाच नव्हतास." आणि काकूंना उठवायला गेले.

याला माफी म्हणायचं का, ते मला माहीत नाही. मास्तरांनाही माहीत नसावं. ते तिथेच उभे राहिले, मग खिशातून वही काढली आणि काकूंच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं: नापास. पुन्हा परीक्षा, पुढच्या महिन्यात, सोमवारी अकरा वाजता. मॅनेजरनी घाईघाईने काकूंना सक्त ताकीद देणारं पत्र काढलं. मॅनेजरना कुणी ताकीद दिली नाही. गेटवाल्याच्या रजिस्टरमध्ये मात्र दुसऱ्या दिवसापासून पूर्ण नावं लिहायचा हुकूम निघाला.

हे सगळं उरकून तिघं घरी पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग! वन्संचे सगळे फोन लागले होते. मावशी, आत्या, दोन्ही मामा पांढऱ्या कपड्यांत भिंतीला टेकून, माना खाली घालून बसलेले. काकू आत शिरल्या तशी मावशी किंचाळली, एका मामाने दुसऱ्याला मिठी मारली. समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. काकू जिवंत आहेत हे पटल्यावर सगळ्यांना आनंद झाला, झालाच! पण आत्या थोड्या वेळाने म्हणाल्याच, "बाई गं, दोन गाड्या बदलून आले मी." जणू काकूंनी बोलावून ऐन वेळी बेत रद्द केला होता!

आता एवढी माणसं आलीत म्हटल्यावर काकूंनी तोंड धुतलं आणि चहाचं आधण ठेवलं. स्वतःच्या मयताला आलेल्यांचा चहा स्वतःच करावा लागलेली बाई या शहरात तरी दुसरी नसेल!

त्या कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा चुलत सासरे नुकतेच येऊन टेकले होते. सगळ्यांत लांबून आलेले, दमलेले, चष्मा पुसत होते. त्यांना अजून कुणी काहीच सांगितलं नव्हतं. समोर कुणीतरी बाई चहा घेऊन उभी आहे एवढंच त्यांना दिसलं. कप घेत त्यांनी हळू आवाजात विचारलं, "किती वाजता आहे?"

काकूंच्या डोक्यात दुपारपासून एकच विषय होता. डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. "अकरा वाजता, मामंजी. पण पुढच्या महिन्यात."

चुलत सासऱ्यांचा कप बशीतच थांबला.

"पुढच्या महिन्यात?" ते म्हणाले. "अगं, एवढे दिवस ठेवणार?"